काकूंच्या सायकलचं चेनकव्हर

सायकलची चेन धुवायला दोन-चार जण एका अंगणात बसले की हात काळे होतात आणि किस्से साचतात. हात रॉकेलनं निघतात, किस्से काही निघत नाहीत!

आमचं अंगण कुडव्यातल्या मेश्राम काकांचं. काका, बिसेनभाऊ आणि मी दर रविवारी चोरखमाऱ्याच्या तलावावर सायकलनं जाऊन येतो, मग याच अंगणात सायकली खोलतो. काकू अंगणवाडीत होत्या, जन्मभर सायकलवर फिरल्या. दोन वर्षांपूर्वी पडल्या, पाय मोडला. पाय बरा झाला, पण भीती बसली ती बसलीच.

*

बिसेनभाऊंनी एकदा फ्रीव्हील खोललं आणि आतले बारीक छर्रे अंगणभर! वेचून होईस्तोवर एक कोंबडीनं गिळलासुद्धा.

"उद्या सकाळवरी थांबा, भाऊ," काकू दारातूनच म्हणाल्या. "कोंबडी काही ठेवून नाही घेत!"

*

उरलेले छर्रे काकांनी चहाच्या गाळणीत टाकून रॉकेलनं धुतले. गुपचूप गाळणी जागेवर. मग चहा आला. तिघांनीही मुकाट्यानं प्यायला.

"कसा झाला?" काकूंनी दारातून विचारलं.

"मस्त!" बिसेनभाऊ म्हणाले. "फक्त कोणी बिडी पेटवू नोका!"

*

डावं पॅडल निघेना. बिसेनभाऊ पान्यावर अक्षरशः उभे राहिले.

आतून काकू ओरडल्या, "काऊन आवळून राहिले? डाव्याचे आटे उलटे असतात!"

उलटं फिरवलं, निघालं. पण काकू स्वतः काही बाहेर आल्या नाहीत. सायकलींजवळ त्या येतच नसत.

*

काका मात्र दर रविवारी काकूंची लेडीज सायकल पुसायचे, चेनला तेल द्यायचे.

मी एकदा विचारलंच, "काका, काकू तर बसत नाहीत. मग कायले?"

"एक डाव तिले बसलेलं पाहाचं आहे मले. ज्या दिवशी मन होईल, त्या दिवशी चेन जाम नसाले पायजे."

मी आपली ब्रश घासत राहिले.

*

मागच्या रविवारी काकांनी निघायच्या आधी काकूंच्या सायकलचं चेनकव्हर काढून ठेवलं. परत आल्यावर चेन धुणार होते. चोरखमाऱ्याहून परतलो, काका माझी चेन उतरवायला बसले. काकू चहा घेऊन थेट अंगणात आल्या!

उजव्या पायाशी साडीच्या काठावर चेनच्या तेलाचे काळे दाग होते. अगदी ओले.

काकांनी साडी पाहिली, मग सायकल पाहिली.

"कव्हर लावाचं राहूनच गेलं माह्याकडून," ते म्हणाले, आणि तसल्याच काळ्या हातानं डोळे पुसले.

"निंगन का हा दाग?" काकूंनी विचारलं.

"काहाडू नोको!"