नळापाशी सापडलेली वही

परवा कुरियरवाला एक पाकीट देऊन गेला… पाठवणारीचं नाव ओळखीचं नव्हतं, म्हणून मी ते दोन दिवस उघडलंच नाही. लेक म्हणाली, "आई, बॉम्ब नाहीये त्यात." पण माझा स्वभावच मुळात संशयी, त्याला कोण काय करणार!

शेवटी उघडलं. आत निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही… बघताक्षणी ओळखली. पन्नास वर्षांपूर्वी ही वही मी चोरली होती.

एकाहत्तर साल, लढाई तोंडावर आलेली. मी खर्ड्याहून भिंगारला मामाकडे शिकायला राहिले होते. मामा लष्कराच्या एका डेपोत स्टोअरकीपर, आणि आमच्या क्वार्टरच्या भिंतीला लागून डेव्हिडदादाची क्वार्टर… तोही त्याच डेपोत क्लार्क.

खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले. संशयास्पद काही दिसलं तर कळवा, असं सगळ्यांना बजावलेलं. मला तर जन्मभर वाट पाहिलेली नोकरीच मिळाल्यासारखं झालं!

डेव्हिडदादाने रेडिओची तांब्याची तार थेट कडुलिंबावर चढवली होती. दर रविवारी चार वाजता दार आतून बंद… मग खरखर, शिट्ट्या, आणि इंग्रजीत कोणीतरी जीव तोडून ओरडायचं. मी भिंतीला पेला लावून ऐकायचे. तीन महिन्यांत एकही रविवार चुकवला नाही.

त्याच्याकडे गिटार होती. चार मित्रांचा बँड होता आणि नाताळात चर्चच्या आवारात त्यांचा कार्यक्रम ठरला होता, हेही ठाऊक होतं. पण मला वाटायचं, हे सगळं दाखवायला… आतलं प्रकरण वेगळंच आहे.

एका रविवारी सकाळी तो चर्चला गेला, तेव्हा खिडकीच्या गजांतून हात घालून मी वही ओढली. आत अर्धवट इंग्रजी ओळी, मध्ये मध्ये नुसत्या रेघा. ओळींच्या डोक्यावर ए-एम, जी, डी-सेव्हन… आणि समासात तारीख, वेळ. सांकेतिक लिपी! वही पोटाशी धरून मी घरी पळाले.

मामाला सांगितलं, नळापाशी सापडली. तो घाबरून म्हणाला, "कुसुम, लढाई चालू हाय. आपन दडवली तर आपल्यावरच शेकंल." दुसऱ्याच दिवशी वही डेपोतल्या सुभेदारसाहेबांच्या टेबलावर गेली… आणि आम्हा दोघांना, डेव्हिडदादालाही बोलावणं आलं.

तो उभा होता, चेहरा पांढराफटक. नोकरी तर जाणारच होती, वर तुरुंगही दिसत होता. तो घाईघाईने सांगत होता… परदेशी बँडचं गाणं रेडिओवर आठवड्यातून एकदा लागतं. कानावर पडेल तेवढं उतरवायचं, निसटलेल्या शब्दाला रेघ मारायची, आणि पुढच्या रविवारी ती रेघ भरायची. डोक्यावरची अक्षरं म्हणजे गिटारचे कॉर्ड, कुठल्या तारा दाबायच्या त्याच्या खुणा.

सुभेदारसाहेबांचा विश्वास बसेना. माझा तर मुळीच नाही. साहेबांनी गिटार आणायला माणूस पाठवला आणि वही मधूनच कुठेतरी उघडली. "हे पान वाजव."

आयुष्यात पहिल्यांदा रॉक म्युझिक मी समोर बसून ऐकलं ते तिथे… लोखंडी कपाटं, फायलींचे गठ्ठे आणि दारात बंदूकवाला शिपाई. आधी त्याने तारा जुळवून घेतल्या. मग त्याने डोळे मिटले, पायाने ठेका धरला, आणि खिडकीची तावदानं वाजायला लागली. माझ्या अंगावर काटा आला, आणि मला माझाच राग आला.

एका ओळीत तो अचानक थांबला. साहेबांनी वहीतल्या रेघेवर बोट ठेवलं. "हितं का थांबला? हितं काय लपवलंय?"

"साहेब, हा शब्द मला अजून कळलाच नाही…"

साहेबांनी वही मिटायला घेतली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं… "शॅडो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा लिहीत असायचा, म्हणून त्याचा शब्द निसटायचा. मी मात्र गुप्त निरोप समजून अख्खं गाणं पाठ केलं होतं! दादाने ती ओळ पुन्हा गायली, शब्द घालून… आणि ती चपखल बसली.

साहेब पहिल्यांदाच हसले. "जा बाबा. पन लढाई संपंस्तोवर ती तार खाली काढ."

नाताळापर्यंत लढाई संपली होती. मांडववाल्याच्या भोंग्यावर दादाचा बँड वाजला, आणि मी पहिल्या रांगेत बसून घसा बसेपर्यंत ओरडले. मग दर रविवारी चारला तो भिंतीवर टकटक करायचा… मी ऐकायचं, त्याने लिहायचं. खिडकीचं खरं मी त्याला कधीच सांगितलं नाही. सांगितलं तर रविवार बंद होईल, ही भीती.

पाकिटात त्याच्या मुलीची चिठ्ठी आहे. पप्पा मार्चमध्ये गेले, वही तुम्हाला द्यायला सांगून गेले. मी ते 'शॅडो'चं पान काढलं. रेघ शाईने भरलेली, आणि समासात त्याच्या बारीक अक्षरात…

"वही परत मिळाली. कुसुम म्हणते, नळापाशी सापडली. मी तर वही कधी घराबाहेर नेतच नाही. पोरीचे कान फार चांगले आहेत. रविवारी तिला बोलवायचं."

दादा, खिडकीतून मीच घेतली होती रे… चुकले मी. आणि मला आत बोलावलंस, त्याबद्दल थँक्यू.