उतारावरचा क्लब

चेन्नईत आमच्या समोर राहणारे काका मूळचे साताऱ्याकडच्या डोंगरातले. गॅलरीत कपडे वाळत घालता घालता ते मला गावच्या क्रिकेट क्लबाचा इतिहास सांगतात आणि दर वेळी माझा गोंधळ उडतो. क्लब कधी गुरवाने काढलेला असतो, कधी पोस्टमनने, तर कधी त्यांच्या चुलत्याने. "नक्की कोणी?" असं विचारलं, की दातातला चिमटा काढून म्हणतात, "सगळ्यांनीच की."

एकदा काकू आतून म्हणाल्या, "कसला क्लब? अख्खं गाव उतारावर. चेंडू सुटला की थेट ओढ्यात." काकांनी पुढचा शर्ट झटकून दोरीवर टाकला. मला वाटलं, थाप उघडी पडली.

परवा कॉलनीतल्या सामन्यात आम्हाला एक गडी कमी पडला, म्हणून काकांना बोलावलं. ते झोकात धावत आले, पण चेंडू टाकताना त्यांचा पुढचा पाय अंदाजाआधीच जमिनीवर आपटला आणि ते अडखळले. दुसऱ्या चेंडूलाही तेच. त्या ताटासारख्या सपाट मैदानाकडे रागाने बघत ते म्हणाले, "इथं चढ आहे."

क्लब कोणी काढला, हे मला अजून कळलेलं नाही. पण ओढ्यात उतरून चेंडू कोण आणायचं, ते आता विचारणार आहे.