मखमल वाकडी चालली

येरमाळ्यात भागवततात्यांना सगळे डॉक्टर म्हणतात आणि तात्यांना त्याचा मनापासून वैताग येतो. ते डॉक्टर कधीच नव्हते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते व्रणोपचारक होते, म्हणजे जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे आणि डॉक्टर सुई टोचेपर्यंत बैलाची वेसण धरून उभे राहणारे. चौतीस वर्षं त्यांनी हे काम केलं. तेवढ्या काळात नऊ डॉक्टर आले आणि बदलून गेले, तात्या तिथंच राहिले. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी कुणाची म्हैस आटली किंवा शेळी फुगली की माणसं दवाखाना ओलांडून यांच्या ओट्यावर येतात. "आरं, म्या डॉक्टर न्हाय!" असं तात्या ओरडतात, आणि ओरडत ओरडतच चप्पल घालतात.

पण हा झाला वरवरचा वैताग. खरा वैताग वेगळाच होता. जनावर आलं की तात्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आधी काय केलं व्हतं?" आणि मालकाचं उत्तरही ठरलेलं असायचं, "काय न्हाय." हे काय न्हाय म्हणणाऱ्या बहाद्दरानं आदल्या रात्री गोडेतेल पाजलेलं असायचं, त्यावर सोडा, सोड्यावर देशी दारू, आणि शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून पहाटे कानाला डागही दिलेला असायचा. जनावर बिचारं सगळं अंगावर दाखवत उभं राहायचं आणि मालक आढ्याकडं बघत बसायचा.

एकदा ढोकीच्या रणधीर नावाच्या बागाईतदारानं आपला खिलार बैल ट्रॉलीत घालून आणला होता. बैलाचं अंग थरथरत होतं, तोंडाला फेस होता, पोट टम्म फुगलेलं. तात्यांनी तीनदा विचारलं आणि रणधीरनं तीनदा काय न्हाय म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी साध्या पोटफुगीचा इलाज केला. बैल दुपारी गेला. मग रणधीर खाली मान घालून बोलला की बैलानं पहाटे युरियाच्या गोणीत तोंड घातलं होतं, आणि गोणी त्यानं स्वतःच उघडी ठेवली होती. तेवढं एक वाक्य सकाळी कळलं असतं तर इलाज वेगळा होता. तात्या त्यानंतर अकरा वर्षं रणधीरशी बोलले नाहीत. एका लग्नात त्याच्या शेजारी पान वाढलं तर उठून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले.

अशा या माणसाच्या घरात मागच्या उन्हाळ्यात एक कोळी राहायला आला.

नात अर्पिता पुण्यात प्राणिशास्त्र शिकते. तिच्याकडं पाच वर्षांपासून एक टॅरँटुला होती, तळहाताएवढी, अंगभर तपकिरी केस, आणि स्वभावानं इतकी शांत की दिवसदिवस जागची हलायची नाही. नाव मखमल. अर्पितानं खोली बदलली तेव्हा नव्या घरमालकिणीनं काचेची पेटी बघूनच किंकाळी फोडली. लातूरच्या घरात तिच्या आईनं पेटीला उंबरा ओलांडू दिला नाही. मग पोरगी पेटी मांडीवर घेऊन एसटीनं येरमाळ्याला आली. "तात्या, मी हिला दुसऱ्या कुणाकडं ठेवणार नाही," ती म्हणाली, "तुम्ही जनावराकडं नीट बघता." एवढ्यावर तात्या विरघळले. खरं तर पायांवर असंख्य जनावरांच्या लाथा खाल्लेल्या या माणसाला त्या केसाळ गोळ्याची जरा भीतीच वाटत होती, पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

अर्पितानं त्यांना सगळं बैजवार शिकवलं. मखमल उताणी पडली तर ती मेली असं समजायचं नाही, ती कात टाकत असते, तेव्हा तिला बोटही लावायचं नाही. पाय मुठीसारखे पोटाखाली आवळून घेतले तर ती तहानलेली किंवा फार आजारी. आणि झटके देत, अडखळत, वेडीवाकडी चालायला लागली तर काहीतरी बाधलं असं समजून लगेच फोन करायचा. आठवड्यातून दोनदा पेटीच्या एका कोपऱ्यात पाण्याचे फवारे मारायला तिनं एक निळी फवाऱ्याची बाटली दिली होती.

"इच्चूकाट्याच्या गावात ह्ये आनि कशाला?" असं मथुराबाई, म्हणजे तात्यांची बायको, पहिल्या दिवशी म्हणाली. महिनाभरात तीच संध्याकाळी दिवा लावला की पेटीत डोकावून "जेवलीस का गं?" असं विचारायला लागली.

तर ऑगस्टातल्या एका बुधवारी सकाळी तात्यांनी चहाचा कप घेऊन पेटीवरचं फडकं उचललं, आणि कप तसाच खाली ठेवला. मखमल चालत होती, पण ते चालणं नव्हतंच. पुढचा पाय हवेत उचलायची, तो तिथंच थरथरायचा आणि भलतीकडं पडायचा. मग एकदम झटका देऊन धावायची, काचेवर आपटायची, कुशीवर कलंडायची. आठ पायांचं एकमेकांशी बोलणंच तुटलं होतं. पाय आवळलेले नव्हते, म्हणजे तहान नव्हे. उताणी नव्हती, म्हणजे कात नव्हे. ताजी भरलेली पाण्याची ताटली तिथंच होती आणि मखमल तिच्यात तोंडावर पडत होती. तात्या घाबरले, आणि घाबरले की ते चिडतात.

"मथुरा! आधी काय केलं व्हतं हिला?"

"काय न्हाय," मथुराबाई चुलीपाशी बसून म्हणाली.

"काय न्हाय म्हनू नगंस! ह्ये काय न्हाय ऐकून ऐकून माजे केस गेले!"

"शुक्कीरवारी धूप घातला व्हता. पर माजघरात, हिकडं न्हाय."

"आन?"

"आन परवा येक नाकतोडा टाकला. परसातला. तितं कुनी फवारत न्हाय."

ओरडा ऐकून शेजारचा गोरोबा कुंपणावरून डोकावला. तो पेटी बघायला रोज यायचा, म्हणून तात्यांनी त्यालाही धरलं. तो म्हणाला, काय न्हाय. मग डोकं खाजवत म्हणाला, "आल्या दिवशी येडेश्वरीचा चिमूटभर अंगारा टाकला व्हता जाळीतून. लई वंगाळ दिसत व्हती."

तात्यांनी कपाळावर हात मारला. शिकलेल्या पोरीनं पाच वर्षं जपलेला जीव या गावात चार महिने टिकला हेच नवल, असं ते मोठ्यानं म्हणाले आणि तणतणत फोन लावायला खिडकीपाशी गेले.

अर्पितानं चाल कशी आहे ते नीट ऐकून घेतलं. तिचा आवाज बारीक झाला. "तात्या, आधी काय झालं होतं? काही औषध, फवारणी, अगरबत्ती? आठवून सांगा."

आणि तेव्हाच तात्यांची नजर खिडकीच्या कट्ट्यावर गेली. तिथं ती निळी बाटली होती.

रविवारी शेळीच्या कानामागं गोचिडं झाली होती. औषध पाण्यात कालवून फडक्यानं लावायचं, पण फडकं कानाच्या घडीत पोचत नव्हतं. हाताशी ही बाटली होती आणि फवारा असा छान बारीक होता की चार मिनिटांत काम झालं. घरात तेलाचा डबा पाण्याला आणि लोणच्याची बरणी बियाण्याला वापरायची आयुष्यभराची सवय. बाटली दोनदा खळखळून धुतली, सोमवारी साधं पाणी भरलं आणि मखमलच्या कोपऱ्यात फवारे मारले. गोचीड मारणाऱ्या औषधानं कोळ्याचं काय होणार हे समजायला कुणी डॉक्टर लागत नव्हता.

हे सगळं तात्यांना एका श्वासात आठवलं. आणि त्यांचं तोंड म्हणालं, "काय न्हाय."

"नक्की?"

"काय न्हाय म्हनलं ना."

"मग कदाचित कात टाकायच्या आधीची अस्वस्थता असेल," अर्पिता म्हणाली, पण तिलाही ते पटलेलं वाटत नव्हतं. "तसं असलं तर हलवायचं नाही. अंधार ठेवा, हात लावू नका, आणि कोपऱ्यात पाण्याचे दोन फवारे मारा. संध्याकाळी फोन करते."

तात्यांनी फोन ठेवला. फवारे मारायचे होते आणि बाटली समोर होती. त्यांनी ती उचलली, नाकाशी नेली. दोनदा धुतलेल्या बाटलीला अजून रॉकेलसारखा वास येत होता. ती त्यांनी परसात भिरकावली.

मग ते सकाळभर सगळ्या जगावर चिडले. शेळीवर चिडले, कारण गोचिडं तिला झाली होती. महामार्गावर हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांवर चिडले. भाकरी कडक झाली म्हणून चिडले आणि मऊ आणली तर तशीच ठेवली. दर थोड्या वेळानं फडकं उचलून बघत होते. दुपारी तीनला मखमल एका बाजूला कलंडून काचेला टेकली होती आणि तिचे पाय न थांबता थरथरत होते. कात टाकणारं जनावर असं नसतं. ते निवांत असतं. हे त्यांना शिकवलेलं होतं आणि शिकवलं नसतं तरी कळलं असतं.

मथुराबाई मागं येऊन उभी राहिली. तिच्या हातात परसातून उचलून आणलेली बाटली होती.

"आयतवारी शेळीला हीच मारली व्हती ना? म्या बघितलं व्हतं."

"दोनदा धुतली व्हती!"

"मंग पोरीला सांगितलं का न्हाय?"

"सांगून काय व्हनार हाय आता?"

मथुराबाईनं बाटली कट्ट्यावर ठेवली. "रणधीरशी अकरा वरसं बोलला न्हाईत तुमी," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

 तात्यांना लाज वाटली, अगदी घाम फुटेल इतकी. मग त्यांनी फोन लावला.

"अर्पी, म्या सकाळी खोटं बोललो."

त्यांनी बाटलीचं सगळं सांगून टाकलं. मग प्रश्न सुरू झाले. औषध कोणतं? पाण्यात किती कालवलं होतं? बाटली कशानं धुतली? फवारे किती मारले, कोणत्या दिवशी? हे सगळे तात्यांचेच प्रश्न होते, चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना विचारलेले. ते खिडकीपाशी आरोपीसारखे उभे राहून एकेकाचं उत्तर देत होते.

अर्पिता ओरडली नाही. "मग आत्ताच्या आत्ता तिथून काढायचं," ती म्हणाली. "ती माती, ती ताटली, सगळं सोडायचं. सकाळीच काढायला हवं होतं, तात्या."

तात्यांनी हात कोपरापर्यंत धुतले. मथुराबाईनं चिवड्याचा प्लास्टिकचा डबा रिकामा करून साबण न लावता गरम पाण्यानं धुतला, तापवलेल्या दाभणानं त्याला भोकं पाडली. तात्या जुन्या पेटीतला मलमपट्टीचा गॉज काढायला लागले तर अर्पिता फोनवरून म्हणाली की त्यात तिची नखं अडकतील, साधा कोरा कागद घाला. मग तिच्याच जुन्या वहीची कोरी पानं तळाला अंथरली. मखमलवर काचेचा पेला पालथा घालून, खालून पुठ्ठा सरकवून तात्यांनी तिला उचललं. बैलाची वेसण धरणाऱ्या त्या हातांनी तिला अलगद डब्यात सोडलं. उथळ झाकणात पाणी ठेवलं, खायला काही नाही, डबा अंधाऱ्या कोपऱ्यात. यापुढं करण्यासारखं काही नव्हतं. या विषावर उतारा नाही, असं अर्पितानं स्पष्टच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशीही ती थरथरत होती. तिसऱ्या दिवशी ती पाण्याच्या झाकणावर तोंड टेकून बसलेली दिसली आणि मथुराबाईनं ओरडून तात्यांना बोलावलं. रविवारी अर्पिता आली तेव्हा मखमल चालत होती, डावा मागचा पाय ओढत, पण चालत होती. अर्पिता डब्यासमोर तासभर बसली. पुढची कात नीट निघाली तर वाचली म्हणायची, तोवर काही सांगता येत नाही, असं म्हणाली. जेवताना ती आजीशी बोलली, तात्यांशी बेताचंच. तिनं नवी पांढरी बाटली आणली होती आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, फक्त मखमल. ती चिडली असती, दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं तात्यांना राहून राहून वाटलं. जाताना ती मखमलला घेऊन जाईल अशी त्यांना धास्ती होती. तिनं नेलं नाही. "रोज फोन करा," एवढंच म्हणाली आणि एसटीत बसली.

सोमवारी सकाळी गोरोबा कुंपणाशी आला. "डॉक्टर, शेळी बघा की. पडून हाय, पोट गच्च झालंय."

"आरं, म्या डॉक्टर..." तात्यांनी सुरुवात केली, मग नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, आणि तो प्रश्न काही बाहेर पडेना. गोरोबा वाट बघत उभा होता. त्याचे डोळे आधीच आभाळाकडं लागले होते.

"गोरोबा," तात्या म्हणाले, "म्या गोचिडाच्या औषधाची बाटली कोळ्यावर मारली. आन पोरीनं इचारलं तर म्हनलो, काय न्हाय. आता तू सांग."

 गोरोबा आपोआप बोलायला लागला. "काल जेवनावळीतला भात उरला व्हता. घमेलंभर घातला. आन पहाटं गोडेतेल पाजलं. आन वाईच... दारू बी."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिथल्या तिथं खरं सांगितलं होतं.

"घमेलंभर भात! माणसासारकी माणसं तुमी, आन शेळीला घमेलंभर भात!" तात्यांचा आवाज महामार्गापर्यंत गेला असेल. "चल, डॉक्टरला फोन लाव, खाण्याचा सोडा घ्ये." ओरडत ओरडत त्यांनी चप्पल घातली आणि निघाले. कुंपण ओलांडताना मात्र ते थांबले आणि खाली बघत म्हणाले, "ढोकीच्या रणधीरचा नंबर हाय का रं तुज्याकडं?"