दातात धरलेली कड

माझ्या धाकट्या भावाच्या प्रत्येक जर्सीचा गळा डाव्या बाजूला चावलेला असायचा. माझं लाखनीला शिलाईचं दुकान आहे, त्यामुळे कापड कशानं गेलं ते मला हातात घेतलं की कळतं. हे धुण्यात उसवलेलं नव्हतं. उंदीर म्हणावा, तर उंदीर दरवेळी त्याच जागी इतक्या शिस्तीनं कुरतडत नाही. "काहून चावतोस रे?" मी विचारायची. "मी कायले चावू, ताई?" म्हणायचा आणि माझी रिळं विस्कटून पसार व्हायचा.

"काहून" विचारायची खोड मला लहानपणापासूनची. बाबा वैतागून म्हणायचे, "हे पोट्टी सासरी गेली का तिथल्या चुलीलेही विचारन, काहून जळून राहिली म्हणून." झालंही थोडंफार तसंच. पण या गळ्याचं उत्तर काही केल्या सापडेना, आणि उत्तर सापडलं नाही की माझं डोकं फिरतं.

आम्ही मासे धरणारी माणसं. माहेरचं घर तलावाच्या पाळीला लागून. भाऊ शाळेत असतानाच बाबांचं जाळं फेकायला शिकला. त्याच शाळेत पीटीच्या सरांच्या हौसेनं बेसबॉल आला. आमच्याकडे या खेळाचे संघ एवढे थोडे की नऊ पोरं उभी केली की गडी थेट जिल्ह्याला पोचतो. गावातले लोक हसायचे, "हा कोणता खेळ, जिथं हरायलेही कोणी भेटत नाही?" पण भाऊ चेंडू टाकायला उभा राहिला, आणि समोर झेलणाऱ्या पोराचा तळहात हातमोज्याच्या आतून लाल झाला. तेव्हापासून सर त्याला सोडेनात.

बाबांना हा खेळ समजावताना माझ्या नाकी नऊ आले. "धावत येत नाही, टप्पा पाडत नाही, मंग हा बॉलर कायचा?"

"तुमच्या जाळ्याचा टप्पा पडते का?" मी म्हटलं.

भाऊ राज्याच्या संघात गेला त्या सुमारास बाबांचे पुढचे दात पडले. तंबाखूची कृपा, दुसरं काय. दुसऱ्या धंद्यात याचं कोणाला काही वाटलं नसतं. पण जाळं खोल पाण्यात फेकायचं तर दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि जाळ्याची एक कड दातात धरावी लागते. हात सुटतात त्याच क्षणी दात उघडायचे, मग ते गोल पसरतं. काठाजवळ फेकायला दात लागत नाहीत, पण काठाला मोठी मासळीही नसते. बाबांनी हिरड्यांनी धरून पाहिलं. कड सुटायची आणि जाळं गोळा होऊन धप्पकन पडायचं. आता खोल पाणी भावाच्या दातांवर आलं.

त्याच वर्षी परदेशातल्या एका लीगची माणसं नागपूरला खेळाडू निवडायला येणार होती. बाबांनी भावाला समोर बसवलं. "एक डाव पाह्य. घेतलं त जाजो. नाही घेतलं त चुपचाप घरी येजो, अन् जाळं हाती घेजो." भाऊ हो म्हणाला. त्याला जाळ्याची लाज नव्हती, पण त्याला खेळायचं होतं. त्या रात्री तो जेवला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि बाबांचंही काही चुकत नव्हतं.

मी दुकान बंद ठेवून नागपूरला त्या निवडीच्या सामन्याला गेले. आणि काय सांगू, भावाला नुसतं झोडपत होते. वेगानं टाकला तरी टोला, हळू टाकला तरी टोला. समोरच्यांना कोणीतरी आधीच कानात सांगून ठेवल्यासारखं. काहून? मी त्याच्या हाताकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. मग सवयीनं माझी नजर गळ्याकडे गेली, कारण तो गळा मीच चार दिवसांपूर्वी शिवला होता.

भावानं मान वळवली, जर्सीची कड दातात धरली आणि चेंडू सुसाट गेला. पुढच्या वेळी धरली नाही, चेंडू हळू आला. पुन्हा धरली, पुन्हा सुसाट. खोल पाणी आणि काठ. माझ्या अंगावर काटाच आला. हा पठ्ठ्या अजून तलावातच उभा होता, आणि समोरच्यांनी त्याचे दात वाचले होते.

भावाच्या संघाची फलंदाजी आली तशी मी कुंपणाच्या जाळीकडे धावले. एकानं अडवलं. त्याला म्हटलं, "माहा भाऊ हाय थो, मी काही कप न्यायले नाही आली." भावाला सगळं सांगितलं. तो गळा चाचपत राहिला.

"मी खरंच चावतो?"

"मंग इतके दिवस मी काय उंदरानं खाल्लेलं शिवत होती?"

त्यानं बाजूला जाऊन कड न धरता दोन-चार चेंडू टाकून पाहिले. परत आला तो रडवेला होऊन. "नाही चावलं त हात सुटतच नाही, ताई. आता घरीच जा लागते."

"मंग सोडू नको. हळू टाकतानाही चाव. जाळं कुठं पडणार, हे मासोळीले कायले सांगा लागते?"

तो हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच. नंतर प्रत्येक चेंडूला गळा दातात. हळू चेंडूलाही समोरचे घाईनं बॅट फिरवत आणि वाऱ्याला मारून मोकळे होत. जाळीमागच्या, निवडायला आलेल्या टोपीवाल्यांनी आपसात काहीतरी कुजबुज केली. संध्याकाळी त्याला बोलावणं आलं.

पहिला हंगाम तो तिकडे बाकावरच बसून होता. मग एकाला दुखापत झाली, त्याला संधी मिळाली, आणि पुढे हटवायची कोणाची हिंमत झाली नाही. आता तो चेंडू हातात घेतो तेव्हा दिव्यांनी उजळलेलं अख्खं मैदान उभं राहतं. पहिल्या पगारात त्यानं बाबांना कवळी करून दिली. बाबा दुसऱ्याच सकाळी ती घालून तलावावर गेले, कड दातात धरली आणि सगळा जोर लावून जाळं फेकलं. जाळं काय सुंदर पसरलं म्हणता, आणि त्याच्यासोबत कवळीही गेली. दिवसभर ओढत बसले. रोहू आली, कवळी आली नाही. नवी करू म्हटलं तर ऐकत नाहीत.

परवा माझ्या दुकानात बसून आम्ही मोबाइलवर त्याचा सामना पाहत होतो. शेवटचा फलंदाज, जिंकायला एवढाच उरलेला. भावानं मान वळवून गळा दातात धरला. मी बाबांकडे पाहिलं तर त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडात घट्ट धरलेला. चेंडू सुटला तेव्हा त्यांचं तोंड उघडलं.

"बाबा, काहून?" मी विचारलं.

"घरून एवढ्या दूर फेका लागते त्याले," ते म्हणाले. "एका तोंडानं कसं होईन?"