दोरीची दोन टोकं

थोरली सूनबाई माकडांचा अभ्यास करते हे सांगताना सासूबाईंचा सूर पाहुण्यांगणिक बदलत असे. परक्यांपुढे त्या "संशोधक आहे हो" म्हणत. भाजी निवडताना मात्र स्वतःशीच म्हणत, "एवढं शिकून शेवटी काय, तर माकडांच्या उवा." गल्लीत तिला सगळे माकडबाई म्हणत. तिची त्याला हरकत नव्हती. नावं ठेवायला का होईना, माणसं एकत्र येतात, हेही सहकार्यच, असं ती म्हणे.

कारण सहकार्य हाच तिचा विषय होता. गावाबाहेरच्या संस्थेत उंच जाळीच्या पिंजऱ्यात तिची माकडांची टोळी राहत होती. शेजारीच तिची खोली: टेबल, कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर माकडिणींचे फोटो. घरच्यांचा एकही नाही. प्रयोग दिसायला साधा. जाळीबाहेर चाकांवरचं एक ताट, त्यात फळं. ताटाच्या कड्यांतून एकच लांब दोरी ओवलेली, तिची दोन टोकं जाळीच्या आत, एकमेकांपासून दूर. दोघींनी एकदम ओढलं तर ताट पुढे येतं. एकटीनेच ओढलं, तर दोरी सुळकन निघून हातात येते आणि ताट जागच्या जागी. आक्का नावाची म्हातारी माकडीण आणि तिची जोडीदारीण ठमी यात तरबेज होत्या. ठमीला यायला उशीर झाला, तर आक्का टोक हातात धरून नुसती बसून राही. ओढण्यापेक्षा हे थांबणं मोठं, असं माकडबाई परिषदांत सांगे आणि लोक माना डोलावत.

आता दिव्याखालचा अंधार. त्याच संस्थेतली जनावरांची डॉक्टर म्हणजे तिची सख्खी धाकटी जाऊ, बिऱ्हाड वेगळं. टोळीचं खाणंपिणं, औषधपाणी तिच्याकडे. आणि या दोघींतून विस्तव जात नव्हता. कारण म्हणाल तर एक शिलाई मशीन. सासूबाईंनी ते धाकटीला दिलं. थोरलीला शिवणातलं ओ की ठो कळत नाही हे खरंच होतं, आणि म्हणूनच तिला ते लागलं. त्यात धाकटी म्हणाली, "न्या हवं तर, शोभेला ठेवा." झालं, अबोला सुरू. घरचे निरोप सासूबाईंमार्फत, कामावरचे राखणदारकाकांमार्फत. दोघी समोरासमोर उभ्या असल्या तरी काकांनी मध्ये यायचं. "बाई म्हणतात, आज खाणं उशिरा." मग वळून, "डॉक्टरबाई म्हणतात, कळलं." काकांना दोन्हीकडून चहा मिळे, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती.

अशात संस्थेने टोळी मोडायचं मनावर घेतलं. खर्च झेपत नव्हता, म्हणून माकडं तीन प्राणिसंग्रहालयांत वाटून टाकायची. आक्का एकीकडे, ठमी भलतीकडेच. त्याआधी एक समिती येऊन प्रयोग डोळ्यांनी बघणार होती. माकडबाईची झोप उडाली. म्हाताऱ्या माकडिणीला परकी टोळी खाण्याजवळ फिरकू देत नाही, ती कोपऱ्यात झुरत मरते, हे तिने एकदा पाहिलं होतं.

"अगं, धाकटीशी एकदा बोलून घे," नवरा म्हणाला. "दोघी मिळून समितीला सामोऱ्या जा."

"तिला गरज असेल तर ती बोलेल."

"तीही तिकडे हेच म्हणते."

"मग झालं तर. एकमत आहे आमचं."

सासूबाई तेव्हा शेंगा सोलत बसल्या होत्या. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," एवढं म्हणून उरलेलं त्यांनी टरफलांत टाकून दिलं.

समिती यायच्या आदल्या दिवशी काकांची मुलगी बाळंत झाली आणि काका तिच्या गावी गेले. निरोप्याच गेला. प्रयोग सकाळी असेल, तर त्याआधी माकडांना खायला घालायचं नसतं. पोट रिकामं असेल तरच दोरीला हात लागतो. समिती येणार हे धाकटीला माहीत आहे, तेव्हा एवढं तिला कळेलच, असं माकडबाईने गृहीत धरलं. निरोप नाही, म्हणजे प्रयोग संध्याकाळी असेल, असं धाकटीने गृहीत धरलं. टोळी टिकावी असं तिलाही मनापासून वाटत होतं. पाहुण्यांपुढे माकडं कशी तुकतुकीत दिसावीत, भांडू नयेत, म्हणून तिने त्यांना सकाळीच रोजच्या दुप्पट केळी, दाणे आणि उकडलेली अंडी चारली.

समितीत एक अध्यक्षबाई होत्या आणि घड्याळाकडे बघणारे दोन साहेब. माकडबाईने सहकार्यावर सुरेख भाषण केलं आणि ताट लावलं. आक्काने दोरीकडे पाहून जांभई दिली. ठमी आडवी झाली आणि आक्का सावकाश तिच्या उवा काढू लागली.

"हेच का ते सहकार्य?" एका साहेबांनी विचारलं.

माकडबाईची नजर केळीच्या सालींच्या ढिगावर गेली, तिथून दारात उभ्या असलेल्या धाकटीकडे. धाकटीलाही उमगलं होतं. तिचा चेहरा पडला.

"माकडांचं राहू द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हे चालतं कसं ते तरी दाखवा. तुम्ही दोघी आहातच."

नाही म्हणायची सोय नव्हती. पिंजऱ्याच्या रिकाम्या कप्प्यात दोघी शिरल्या, ताट तिकडे फिरवलं. टोक हातात येताच थोरलीने ओढलं. सुळकन दोरी तिच्या पायाशी. साहेब हसले. पुन्हा ओवली, तर या वेळी घाई धाकटीने केली. पलीकडे अख्खी टोळी जाळीला चिकटून बघत बसली होती. पोट भरलेल्यांना तमाशा गोडच लागतो.

तिसऱ्यांदा धाकटी टोक धरून नुसती उभी राहिली. दोरीकडे बघतच म्हणाली, "वहिनी, थांबा जरा. मी म्हणेन तेव्हा ओढा."

"तू का म्हणणार? प्रयोग माझा आहे."

"बरं, तुम्ही म्हणा. पण तोंडाने म्हणा काहीतरी. काल म्हणाला असतात, तर मी खायला घातलं असतं का?"

"तू विचारायचं होतंस."

"कुणामार्फत?"

माकडबाईने दोरीचं टोक घट्ट धरलं. माकडांवरचं तिचं सगळं लिखाण या एका प्रश्नापुढे थिटं पडलं.

"ओढ," ती शेवटी म्हणाली.

ताट खडखडत आलं. त्याबरोबर आक्काने जाळीतून हात घालून त्यातली चांगली द्राक्षं उचलली.

"जोडी जमायला किती वेळ लागतो?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"जमली तर लगेच जमते," माकडबाई म्हणाली.

"आणि नाही जमली तर?"

"तर मध्ये राखणदार लागतो," धाकटी म्हणाली. अध्यक्षबाई पहिल्यांदा हसल्या.

निकाल जाताजाताच लागला. टोळी वर्षभर अखंड राहील, पण दोघींनी मिळून सांभाळायची. खाण्याच्या वेळेचा असा घोळ पुन्हा कानावर आला, तर वाटणी.

काका परतले त्या सकाळी धाकटी केळ्यांची टोपली घेऊन माकडबाईच्या दारात उभी होती.

"दुपारी घाल," माकडबाई म्हणत होती.

"दुपारी ऊन चढतं. ठमीला सोसत नाही."

"मग सकाळी माझा प्रयोग कधी व्हायचा?"

"माझ्या आधी उठा जरा."

"घरी सासूबाईंचा चहा कोण करणार, तू?"

"करीन की. पाठवून द्या त्यांना माझ्याकडे."

आवाज चढत चालले होते. काकांनी पिशवी खाली ठेवली, घसा साफ केला आणि सवयीने दोघींच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"काका, तुम्ही मध्ये बोलू नका," दोघी एकदम म्हणाल्या.