नाचणगावचा फॉर्म आणि हट्टी राउटर

राउटर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या पिशवीत स्क्रू कमी आणि किस्से जास्त साचतात. ब्रॉडबँड नवीन होतं तेव्हा मी आणि माझा भागीदार दिगंबर पुलगावात हेच काम करायचो. आता हसू येतं. पण तेव्हा प्रत्येक घरात कुणाचं तरी काहीतरी अडकलेलं असायचं आणि घाम आम्हाला फुटायचा!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आंजीहून फोन आला. राउटर मेला! जाऊन बघतो तर डब्यावर हळदीकुंकू, झेंडू आणि वायरच्या भोकात ओल्या अक्षता. म्हटलं, "काकू, हे काऊन?" काकू माझ्यावरच तापल्या.

"शिलाई मशीनले लावलं, मोटरपंपाले लावलं. ते तर काही बोलले नाई!"

चिमट्याने एकेक दाणा काढला.

पुलगावच्या एका कापूस व्यापाऱ्याला स्पीड तपासून दाखवला. आकडा झकास! शेटजी घड्याळ हातात धरून स्क्रीनकडे बघत होते. पाच मिनिटांनी म्हणाले, "तुमचा आकडा राहू द्या. नातवाचा फोटो कपाळापर्यंतच आला ना!"

आम्ही दोघं नाकाची वाट बघत बसलो.

रोहण्याच्या एका काकाजींनी चोरीच्या भीतीने वायफायचा राउटर लोखंडी कपाटात ठेवला, वर कुलूप. मी म्हटलं, "दार उघडं ठेवा, नाहीतर सिग्नल बाहेर यायचा नाही." ते म्हणाले, "मंग कपाट काय पाहाले घेतलं?"

दिगंबरचा एकच मंत्र: बंद करा, चालू करा. एकाने फोनवर ऐकून राउटर बंद केला आणि त्याच क्षणी लोडशेडिंग सुरू झालं. तो ओरडला, "भाऊ, तुमच्यानं गावाची लाइन गेली!"

आणि नाचणगाव! किराणा दुकानदाराची मुलगी वैशाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, शेवटचा दिवस, पाचला बंद. सायबर कॅफेत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून घरूनच भरत होती. नेट दर दहा मिनिटांनी तुटायचं आणि फॉर्म पुन्हा पहिल्या पानावर! मी तीनपासून तिथेच. वायर बदलली, सेटिंग तपासली, सगळं ठीक. सव्वाचारला वैशाली रडायला लागली. "भाऊ, माझं वर्ष जाते आता!"

कोपऱ्यातला फोन मात्र सारखा वाजत होता. वैशालीचे वडील, दुकानदार काकाजी, उचलत नव्हते. "पाहुणे असतीन. पोरीचा फॉर्म होऊ दे, मंग बोलतो."

साडेचारला फोन वाजला आणि माझं लक्ष राउटरकडे होतं. घंटी वाजली, दिवा गेला! फोन आणि नेट वेगळं करणारी डबी बिघडली होती, आणि दुसरी माझ्याजवळ नव्हती. मी फोनची वायरच उपटली.

त्यानंतर कोणी हललं नाही. पाचला सहा मिनिटं असताना वैशालीने शेवटचं बटण दाबलं. चकरी फिरली, फिरली... आणि फॉर्म गेला! तिच्या आईने तिला पोटाशी धरलं. माझेही डोळे भरले.

काकाजी म्हणाले, "आता लाव फोन. पाहुण्यायले सांगतो."

वायर लावली. लगेच घंटी! काकाजींनी आनंदाने उचलला, ऐकलं आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे दिगंबर होता.

"काकाजी, दुपारपासून दर दहा मिनिटाले फोन करून राह्यलो. नेट बरोबर चालू आहे ना?"