हा कोणाकडचा?

जेरुसलेमसाठी झालेल्या धर्मयुद्धांचा इतिहास मी त्यांना पूर्ण वाचून दाखवला, असं आजवर सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे.

साठच्या दशकात दुबईत ते माझे शेजारी होते, रत्नागिरीचे कापडवाले चाचा. मी इंग्रजी पुस्तक मराठीत सांगायचो. त्यात त्या लढायांना एक इतिहासकार श्रद्धा म्हणे, दुसरा लूट. चाचा दरवेळी लग्नातल्यासारखं विचारत, "हा कोणाकडचा?"

मुसलमान सैन्याने कैदी मारल्याचं पान आलं, तेव्हा त्यांना वाईट वाटेल म्हणून मी ते गुपचूप उलटलं. चाचांनी पाहिलं आणि ओळखलं.

"ख्रिश्चनांची पापं सगळी वाचलीत, भाऊ. म्हणजे तुम्हीही आमच्याकडचे झालात! यल्ला, चला, मागे जा."

मी वाचलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग चहा माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "आता तुमच्यावर भरवसा बसला. पुढे काय झालं?"